तांब्याची मुद्रा

एका राज्यात भद्रकेतू नावाचा राजा होता. त्याची प्रजा मोठी बोलकी. राजाने एक म्हणावे, तर दरबारात दहा तोंडे उघडत. राजा त्रासला. तेव्हा एक मांत्रिक आला आणि त्याने राजाच्या बोटात तांब्याची मुद्रा घातली.

"राजा, आता तू सांगशील ते होईल."

"आणि न सांगेन ते?"

"ते होणार नाही," मांत्रिक म्हणाला आणि धूर होऊन विरून गेला.

राजाचा शब्द वाऱ्यावरून घरोघर जाऊ लागला. "नांगर धरा" म्हटले, नांगर चालले. "थांबा" म्हणायचे राहिले, तर बैल कोसळेपर्यंत चालले. सांगितल्यावाचून चूल पेटेना, तान्ह्याला कोणी पाजीना. राजा दिवसभर सज्जात बसून सांगे, "गाई पिळा. भाकरी थापा. जेवा." त्याला स्वतःला घास गिळायची उसंत नव्हती. मुद्रा ओढली, तर निघेना.

सगुणा पाथरवटीण त्या वेळी पाटे-वरवंटे विकायला परमुलखात होती, म्हणून ती मंत्रातून वाचली. परतून पाहते, तो आई वाढलेल्या ताटापुढे दगडासारखी बसलेली.

"आई, जेव ना गं!"

आई बोलेना. आढ्यावरचा भारद्वाज पक्षी बोलला, "हुकूम यायचा आहे. मुद्रा फुटेल तर सुटका. पण मंत्रातल्या माणसांकडून तीन गोष्टी घडायला हव्यात. एक प्रश्न, एक नकार, आणि न सांगता केलेले एक काम."

"हुकमाच्या माणसाला प्रश्न कसा पडेल?" सगुणा म्हणाली.

"तुला पडला तसाच," पक्षी म्हणाला.

सगुणा राजवाड्याच्या देवडीवर गेली. तिथे म्हातारा द्वारपाल मल्हारजी उभा होता. ती त्याच्याजवळ बसून सांगू लागली, "एका विहिरीत सात दारे होती. सहा दारे पाण्याची. सातवे उघडले, तर आत..." एवढे सांगून ती उठली आणि चालू लागली.

मल्हारजीचे ओठ थरथरले. "आत काय होते?"

सज्जात राजाच्या बोटावरची मुद्रा तडकली. राजा घाबरला. मुद्रा गेली तर राज्य बुडेल, असे त्याला वाटले. खाली देवडीवर दिसलेल्या सगुणेवर हुकूम चालेना, म्हणून त्याने तिच्या आईला आज्ञा केली, "आवडाबाई, मुलीला सीमेपार सोडून ये."

आवडाबाईने लेकीचा हात धरला आणि ओढत नेले. सीमेचा दगड आला. सगुणा म्हणाली, "आई, मी पुन्हा दिसणार नाही." म्हातारीचे पाऊल उचलले, अधांतरी राहिले, आणि मागे आले.

"नाही," ती म्हणाली. "नेणार नाही मी."

मुद्रा दुसऱ्यांदा तडकली. इतक्यात सज्जातून राजाला नदीचा बांध खचताना दिसला. राजा घोड्यावरून धावला. काठावर शेतकामाला धाडलेला सारा गाव उभा, पाणी गुडघ्याला लागलेले, तरी कोणी हलेना. राजाने आज्ञेसाठी तोंड उघडले. दिवसरात्र बोलून बसलेला गळा, आवाजच फुटेना.

राजाने माणसांकडे पाहिले. माणसांनी राजाकडे. मग तो चिखलात उतरला, त्याने एक धोंडा उचलला आणि भगदाडात लावला. त्याला कोणी सांगितले नव्हते. दुसरा लावताना मुद्रेचे तीन तुकडे झाले. आणि काठावरून हाक आली, "महाराज, तसा नव्हे, आडवा लावा!"

ती सीमेवरून परतलेली सगुणा होती. तिच्यामागे गाव पाण्यात उतरला. तिन्हीसांजेच्या आत बांध उभा राहिला.

राजाला कंठ फुटला तो तिसऱ्या दिवशी. दरबार भरला. राजाने विचारले, "या तुकड्यांचे काय करावे?" कोणी म्हणाले घंटा ओता, कोणी म्हणाले नदीत टाका, दोन म्हाताऱ्या तर हातघाईवर आल्या. प्रधान गप्प करायला उठला. राजाने त्याला खाली बसवले.

"बोलू द्या," तो म्हणाला, "आणि मला ताट वाढा. भूक लागली आहे."

त्या राज्याची जशी कोंडी फुटली, तशी ऐकणाऱ्यांचीही फुटो.