कॉलेजची दोन वेळची धार

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं आबांनी मला बजावलंय. आबा म्हणजे माझे आजोबा. मी तशी कुणाशी फार बोलत नाही. पण लिहिणं म्हणजे काही सांगणं नव्हे, असं मला वाटतं. शिवाय गावाचं नाव मी लिहिणारच नाही.

तर असंच एक गाव, आणि त्यात कोंडिबा नावाचा एक भोळा माणूस. एकदा सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. तीच पंचाईत होती.

कोंडिबाची मुलगी मालन चांगल्या मार्कांनी बारावी पास झाली. तिला तालुक्याच्या सरकारी कॉलेजात जायचं होतं. फी नऊशे रुपये. प्रवेश शनिवारपर्यंतच. कोंडिबाच्या बायकोनं, सगुणानं, ते नऊशे रुपये डाळीच्या डब्यात जपून ठेवले होते. यंदा हुकलं तर मालनचं लग्न. तिच्या मामानं स्थळाचा कागदसुद्धा आणून दिला होता.

त्याच दिवसांत कोंडिबानं बाजारातून एक म्हैस आणली. नाव शेवंता. दिसायला हत्तीण. भाराभर वैरण खायची आणि दुधाचा थेंब द्यायची नाही.

सगुणा म्हणाली, "अहो, म्हशीची आधी दोन वेळची धार काढून बघतात. सकाळची आणि संध्याकाळची. काय निघतं ते बघितल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत!"

"बरं. ध्यानात ठेवतो," कोंडिबा म्हणाला.

सोमवारी तो फी भरायला निघाला. एका हातात नऊशे रुपये, दुसऱ्या हातात धार काढायची चरवी.

कॉलेजचा कारकून म्हणाला, "बोला."

"पोरीला घालायचंय. पण आधी दोन वेळची धार बघू."

"कसली धार?"

"कॉलेजची. काय निघतं ते बघितल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत."

कारकुनानं चरवीकडे बघितलं. मग चष्मा काढून पुसला. "पाव्हणं, इथं लगेच काही निघत नाही. आज घालायचं, तीन वर्षांनी दुप्पट निघतं. मधे मागायचं नाही."

"बरं. ध्यानात ठेवतो."

तरी संध्याकाळची धार राहिली होती, म्हणून तो पायरीवर बसून राहिला. शिपायानं फाटकाला कुलूप लावलं, तेव्हा उठला. रिकामी चरवी आणि नऊशे रुपये घेऊन घरी आला.

मंगळवारी सगुणानं त्याला ज्वारी दळायला पाठवलं.

गिरणीवाला म्हणाला, "तासाभरानं या."

"तीन वर्षांनी येतो."

"काय?"

"आज घालायचं. मधे मागायचं नाही."

आणि तो मोकळ्या हातानं घरी आला. "दुप्पट निघणार आहे," असं त्यानं सगुणाला सांगितलं. त्या दिवशी घरात भाकरी झाली नाही.

सगुणानं कपाळावर हात मारला. "अहो, दळण टाकलं की तिथंच उभं राहायचं! नजर हलवायची नाही, नाहीतर आपलं पीठ दुसऱ्याच्या डब्यात जातं. आणि गरम असतानाच उचलून सरळ घरी यायचं."

"बरं. ध्यानात ठेवतो."

गुरुवारी मालन स्वतःच त्याच्याबरोबर कॉलेजात गेली. टेबलाशी बसून फॉर्म भरायला लागली. कोंडिबा तिच्या शेजारी उभा. पापणीसुद्धा लववेना. मागच्या मुली हसायला लागल्या.

"आबा, तुम्ही बाहेर बसा ना."

"नको. तू दुसऱ्याच्या डब्यात जाशील."

खोलीत पंखा नव्हता, बाहेर ऊन रणरणत होतं. थोड्या वेळानं त्यानं मालनच्या कपाळाला हात लावला. गरम लागलं.

"झालं," तो म्हणाला. तिचा हात धरला आणि सरळ घरी घेऊन आला. फॉर्म गावाच्या नावापर्यंतच भरून झाला होता.

मालन रडली नाही. फडताळावरच्या स्थळाच्या कागदाकडे बघत बसली.

शुक्रवारी सगुणानं कोंडिबाला ढवळे मास्तरांपुढं नेऊन बसवलं. मास्तर सावकाश बोलणारे.

"हे बघ, कोंडिबा. शिक्षणाचा खर्च दोन तऱ्हेचा. एक दिसतो. फी, एसटीचा पास, वह्या. कॉलेज सरकारी, म्हणून तो कमी. दुसरा दिसत नाही. कॉलेजात जाणाऱ्याचं घरातलं काम थांबतं. तोही खर्चच. दोन्ही मोज. समोर तीन वर्षांनंतरची कमाई ठेव. मग परवडतं का ते तूच ठरव."

"बरं. ध्यानात ठेवतो."

घरी येऊन कोंडिबा ओट्यावर बसला आणि बोटं मोजायला लागला. मालन पाणी भरते. भाकऱ्या करते. शेण काढते. वैरण आणते. आळीतल्या पोरांच्या शिकवण्या घेते. हाताची बोटं संपली, तेव्हा तो पायाची मोजायला लागला. मग त्यानं सगळ्या घरावरून नजर फिरवली. फिरता फिरता ती एका ठिकाणी थांबली.

"परवडतंय!" तो म्हणाला.

सगुणाचा जीव भांड्यात पडला.

शनिवारी दुपारी कोंडिबा कारकुनापुढं उभा राहिला. चरवी नव्हती. कारकुनाला बरं वाटलं.

"मुलीचं नाव?"

"शेवंता."

"वडिलांचं?"

"बघितले नाहीत. माझंच लिहा. खायला मीच घालतो."

कारकुनाचे डोळे पाणावले. परक्याची पोर पोसून वर कॉलेजात घालणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच बघितला होता.

"घरी काय काम करते?"

"काहीच नाही. नुसती बसून असते."

"मग अभ्यासाला वेळ आहे."

"वेळच वेळ."

कारकुनानं नऊशे रुपये घेतले, पावतीवर शिक्का मारला. "कागदपत्रं सोमवारी आणा. आता सहीला तिला आत पाठवा."

"ती खाली लिंबाला बांधलीय. जिना चढत नाही."

सगळं ऑफिस खिडकीशी धावलं. खाली शेवंता नोटीस बोर्डावरची प्रवेशाची यादी खात होती. आणि फाटकातून मालन अनवाणी पळत येत होती. गोठा रिकामा दिसल्याबरोबर ती शेणाच्या मागावर निघाली होती.

जिना चढून ती टेबलाशी आली. कारकुनानं काही न विचारता पावतीवरचं शेवंताचं नाव खोडलं आणि फॉर्म तिच्यापुढं सरकवला. मालननं सही केली.

"अगं, पण मग तुझं काम कोण करणार?" कोंडिबा म्हणाला.

मालननं मान वर केली नाही. "ज्यानं मोजलं त्यानं."

"बरं. ध्यानात ठेवतो."

आणि खरंच ठेवलं. आई नोकरीला लागून इतकी वर्षं झाली, तरी पहाटेचं पाणी अजून आबाच, म्हणजे कोंडिबाच भरतो. उद्या माझ्या अकरावीच्या प्रवेशाची शेवटची तारीख आहे. आबा मघापासून अंगणातून मला हाका मारतायत, चरवी कुठं ठेवलीस म्हणून, आणि त्यांच्या दुसऱ्या हातात म्हशीचं दावं आहे.