भागीचा टेकू

हसू नका हो त्याला. सगळेच पाहुणे हसतात. एवढा देखणा लाकडी मंडप, एक लोखंडी खिळा नाही, खांबांवर केळफुलं कोरलेली, आणि मधोमध हे काय? सालसुद्धा न काढलेलं वाकडंतिकडं लाकूड तुळईखाली टेकवलंय आणि वर त्याला हिरवी साडी! पण आमच्या निवेखोलात सातेरीदेवीपुढे नारळ ठेवला की दुसरा या टेकूपुढे ठेवतात. बसा, सांगतो. चपला बाहेर काढा आधी.

हा मंडप विश्राम मेस्ताने, म्हणजे गावच्या सुताराने, बांधला, असं सांगतात. हात सोन्याचा, पण तोंड उघडलं की जमदग्नी. त्याची बायको भागी. मेस्तांच्या घरात तेव्हा वाटणीच होती, खांब-तुळया पुरुषांनी करायच्या आणि खुंट्या बायकांनी. तुळई खांबात बसली की दोघांतून आरपार भोक पाडून खैराची खुंटी ठोकायची. ती सुकीच हवी. ओली ठोकली तर पुढे आकसते, भोकात सैल होते, आणि मग वरचं छप्पर देवाच्या भरवशावर. म्हणून भागी खुंट्या तासून चुलीवरच्या शिंक्यात टांगायची. वर्षभर धूर खाऊन त्या काळ्याकुट्ट झाल्या की मगच नवऱ्याच्या हातात द्यायची.

त्या श्रावणात पाऊस खळेचना म्हणे. विश्राम कामासाठी नदीपार गेलेला, तिकडेच अडकला. इकडे शेजारची जया बाळंत झाली, आणि पोर गारठून निळं पडलं. रडेना की हलेना. वाडीत सुकी काटकी औषधाला नाही. जयाची सासू भागीच्या दारात येऊन ओरडली, "गो भागी, विस्तव दे कुठून तरी! पोर जातंय गो!"

भागीने वर शिंक्याकडे बघितलं. मग शिंकं खाली घेतलं आणि देवीच्या मंडपाच्या सगळ्या खुंट्या जयाच्या शेगडीत ओतल्या. खैराचा निखारा तो! खोली तापली, पोरीच्या अंगावर लाली आली आणि तिने असा टाहो फोडला की सासूबाई मटकन खालीच बसल्या.

तेव्हाच सांगून टाकायचं ना! पण जत्रेला मंडप उभा करू, असा अख्ख्या गावाचा नवस होता, आणि नवऱ्याच्या जिभेला हाड नव्हतं. भ्याली बिचारी. ओला खैर तोडून नव्या खुंट्या तासल्या आणि वरून तव्याची काजळी चोळली. विश्रामाने काळा रंग बघितला आणि बिनघोर ठोकल्या. बायकोची खुंटी तपासायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

सांगाडा उभा राहिला, कौलं चढली. तुळयांखालचे टेकू मात्र जत्रेच्या दिवशी गावासमोर काढायचे, अशी रीत. ढोल वाजू लागले. विश्राम मोगरीने, म्हणजे लाकडी हातोड्याने, एकेक टेकू पाडत चालला, तसतशी वरून बारीक करकर येऊ लागली. ढोलात ती कुणाला ऐकू येणार? भागीला आली. सगळं गाव आत बसलेलं, आणि मधल्या तुळईच्या बरोबर खाली जया. तीच पोर मांडीवर. देवीच्या ओटीत घालायला आणलेली!

शेवटचा टेकू राहिला तेव्हा भागी धावली आणि तिने त्याला मिठी मारली.

"अहो, थांबा! खुंट्या ओल्या होत्या. मी काजळी लावली. जया, ऊठ गो, पोरीला घेऊन बाहेर जा!"

कुणी जागचं हललं नाही. "वेड लागलं का हिला?" गावचे मानकरी गावकर म्हणाले. "मेस्ता, मुहूर्त टळतोय." विश्रामाचा चेहरा लालबुंद झाला. साऱ्या गावापुढे बायको त्याच्या कामाला खोटं ठरवत होती. "बाजूला हो," तो म्हणाला. ती होईना. त्याने मोगरी उचलली आणि घातली.

ती भागीच्या हातावर बसली.

तो हात त्याला दिसला होता की नव्हता, यावरून आमच्या गावात अजून दोन तट पडतात. मी काही बोलत नाही. बोटांचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला. ढोल थांबले. आणि त्या हादऱ्याने वरची एक खुंटी सुटून टप्पकन जयाच्या पुढ्यात पडली. ठोकलेली खुंटी, दुधाच्या दातासारखी गळून पडली! मग जी पळापळ झाली म्हणता! तुळई वीतभर खचली आणि या वाकड्या लाकडावर येऊन बसली. घाव बसून टेकू केव्हाच जागचा सरकला होता म्हणे. फुटल्या हाताने भागीने तो उभा धरला, जया पोरीला घेऊन बाहेर पडेपर्यंत.

विश्राम तिथेच उभा होता, मोगरी हातात घेऊन. त्यानंतर वर्षभर तो कुणाशी बोलला नाही.

पुढच्या जत्रेपर्यंत तुळई उचलून सुक्या खुंट्या घातल्या. टेकू काढायची वेळ आली तेव्हा विश्रामाने मोगरी भागीच्या डाव्या हातात दिली; उजवा आता मिटत नव्हता. आणि आपला पंजा टेकूभोवती धरला, बरोबर तिचा होता तिथे. भागीने विचारलं, "खुंट्या सुक्या?"

"सुक्या," तो म्हणाला, आणि ढसाढसा रडला.

भागीने मोगरी वर नेली. बराच वेळ तशीच धरली. मग खाली ठेवली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे हा."

म्हणून तो राहिला. आजही निवेखोलात घर उभं राहिलं की शेवटच्या टेकूभोवती मेस्त्री स्वतःचा हात धरतो, घरची बाई मोगरी उचलते आणि विचारते, "खुंट्या सुक्या?" तो 'सुक्या' म्हणाला तरच घाव घालायचा, आणि तोही त्याच्या बोटांच्या अगदी शेजारी.

गेल्या साली वरच्या वाडीत एका मेस्त्रीने तो प्रश्न ऐकून हात काढून घेतला. कुणी त्याला एक शब्द बोललं नाही. बाईने मोगरी खाली ठेवली, जेवणावळ उरकली, आणि ते घर अजून त्या टेकूवर उभं आहे. नव्या खुंट्या चुलीवर सुकायला टांगल्यात.