ओरडायची परवानगी

एका जंगलात, तळ्याच्या काठी, एक हरिणी राहत असे. स्वभावाने गरीब आणि नियमाची पक्की. त्या जंगलात नियम एकच होता, पण जबर होता : परवानगीशिवाय कुणी ओरडायचे नाही. वाघ दिसो की बिबट्या दिसो, आधी मुखियाच्या चौथऱ्यापाशी जायचे, विचारायचे आणि 'ओरड' म्हटले तरच ओरडायचे. हरिणी जन्मात कधी ओरडली नव्हती. आपला आवाज कसा आहे हेसुद्धा तिला ठाऊक नव्हते.

मुलांनो, हा नियम जनावरांनी केलेला नव्हता. तो केला होता दूरदेशाहून आलेल्या एका गोऱ्या साहेबाने. साहेबाला शिकारीचा नाद. तो बंदूक घेऊन निघाला, की झाडावरून वानर खेकसे, काठावरून टिटवी कलकले आणि सगळी सावजे पसार होत. मग साहेबाने हुकूम काढला, की आपल्या परवानगीशिवाय ओरडणे हा गुन्हा. ओरडेल त्याला पिंजरा, नाहीतर गोळी. कितीतरी वर्षे जंगल मुक्यानेच मेले. शेवटी एका पहाटे सगळे एकदम ओरडले, मग रोजच ओरडू लागले, आणि शिकार मिळेना म्हणून साहेब तंबू गुंडाळून चालता झाला. त्या ओरडण्यात सर्वांच्या पुढे एक सांबर होते. त्याच्या मागच्या पायात गोळी लागली आणि ते जन्माचे लंगडे झाले. हे त्याचे मोठेपण कुणी नाकारू नये.

पण पुढे काय झाले? सांबर मुखिया झाले. ज्या चौथऱ्यावर साहेबाचा तंबू होता, तिथेच बसू लागले. पहिल्याच दुपारी टिटवी ओरडली आणि त्याची झोप मोडली. "नियम साहेबाचा असेल, पण शिस्तीचा आहे," सांबर म्हणाले, "राहू द्या." बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात म्हाताऱ्यांचा हात कोण धरणार!

एकदा भर उन्हात हरिणी पाण्यावर आली. पाडस तिच्या पुढे उड्या मारत होते. काठावरच्या उघड्या जमिनीवर टिटवीची अंडी होती. टिटवीला लव्हाळ्यात बिबट्याची शेपटी हलताना दिसली. ती तडक चौथऱ्याकडे उडाली. तिथे पहाऱ्याला वानर बसलेले.

"मुखियासाहेब झोपलेत. ऊन उतरल्यावर ये," वानर म्हणाले.

"बरं. बिबट्यालाही सांगते, बाबा रे, ऊन उतरल्यावर ये!"

"जीभ आवर. मोठ्यांशी असं बोलतात?"

टिटवीने पुढचे ऐकलेच नाही. ती आभाळात चढली आणि गळा फाटेस्तोवर ओरडली. हरिणीने पाडसाला ढुशी देऊन बाजूला लोटले आणि दोघे सुसाट पळाले. बिबट्याचा पंजा नुसत्या पाण्यावर पडला.

संध्याकाळी चौथऱ्यापुढे सभा भरली. टिटवीने नियम मोडला म्हणून तिला शिक्षा झाली : उजाडायच्या आत तळ्याचा काठ सोडायचा. अंडी काही उचलून नेता येत नाहीत. टिटवी गेली, की येईल त्या मुंगसाने ती खायची.

हरिणी सभेत कधी बोलली नव्हती. तरी ती उठली. "मुखिया, माझं लेकरू आज तिच्यामुळे आहे. तिला घालवू नका."

"तुझं लेकरू वाचलं हे चांगलंच झालं. पण नियम तो नियम," सांबर म्हणाले.

"साहेबानं तो शिकारीसाठी केला होता. आपल्याला कुणाची शिकार करायचीय?"

म्हाताऱ्यांत कुजबुज झाली. सांबराची शिंगे थरथरली. "काल जन्मलेली तू मला शिकवतेस? या जंगलासाठी गोळी खाल्लीय मी!"

"तुमचे उपकार मी विसरले नाही," हरिणी म्हणाली. "तुम्ही ओरडलात म्हणून आम्ही जिवंत आहोत. पण तुम्ही तरी तेव्हा कुणाची परवानगी काढली होती?"

तेवढ्यात वरच्या फांदीवरून वानर चाचरत म्हणाले, "मुखियासाहेब... ओरडायची परवानगी मिळेल का?"

"आधी चालू विषय संपू दे! मध्येच तोंड घालायची ही काय रीत?"

वानर कुठे बघते आहे ते हरिणीने पाहिले. चौथऱ्यामागे करवंदीच्या जाळीत दोन पिवळे डोळे होते, थेट सांबराच्या पाठीवर रोखलेले. आपण ओरडलो तर आपल्यालाही काठ सोडावा लागेल, पाडसाला घेऊन, हे तिला कळत होते. तिने तोंड उघडले. फुटक्या मडक्यासारखा, चिरका, कुरूप आवाज निघाला. पण केवढा मोठा! सांबर लंगड्या पायाने उडी टाकून खाली आले आणि बिबट्या रिकाम्या चौथऱ्यावर आदळला. मग सगळेच ओरडू लागले. ज्याला साऱ्या जंगलाने पाहिले, त्याला कसली शिकार मिळते? बिबट्या शेपूट घालून निघून गेला.

सांबर धापा टाकत वानराकडे वळले. "बिबट्या माझ्या पाठीमागे, आणि तू परवानगी मागत बसलास?"

"नियमच तसा आहे ना, मुखियासाहेब," वानर म्हणाले.

माफी सांबराने मागितली नाही. असल्या म्हाताऱ्यांच्या घशातून तो शब्द सहसा निघत नाही. "नियम संपला," एवढेच ते म्हणाले. मग मात्र त्याने टिटवीपुढे आणि हरिणीपुढे आपली जड शिंगे झुकवली.

दुसऱ्या दिवशी हरिणी टिटवीकडे गेली. "तुझे उपकार कसे फेडू गं?"

"उपकार कसले? दिसला, ओरडले. फारच वाटत असेल तर जरा उन्हात उभी राहा. अंडी तापलीत, त्यांना गार करायला मी पोट भिजवून येते."

हरिणी उभी राहिली. तिची सावली अंड्यांवर पडली. कडेला पाडस मान उंच करून आपला आवाज कसा निघतो ते बघत होते, आणि त्याला कुणीही गप्प बस म्हणाले नाही.

तात्पर्य : शिकाऱ्याने आपल्या सोयीसाठी केलेला नियम, शिकारी गेल्यावर सावजांनी जपू नये, आणि ज्यांनी आपल्याला मोकळे केले, त्यांचे उपकार माना डोलावून नव्हे, मोकळ्या गळ्याने बोलूनच फिटतात.