चिखलातला शेवटचा पाट

फार फार पूर्वी, तुमचे खापरपणजोबा रांगत होते आणि तुमच्यापेक्षा बरेच गुणी होते, तेव्हाची ही गोष्ट. खाडीकाठी ख्रिस्ती लोकांचं एक गाव होतं. देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा वाजली की हातातली वल्ही हातात थांबायची, इतकी ती माणसं भाविक. घंटा थांबली की अर्धवट राहिलेलं भांडण जिथल्या तिथून सुरू.

दर रविवारी मिस्सा, म्हणजे देवळातली मोठी प्रार्थना, करायला पलीकडच्या काठावरून म्हातारे पाद्रीबाबा यायचे. त्यांना आणायची, पोचवायची होडी बस्त्याव तांडेलाची. असं बारा वर्षं चाललं. काय दिवस होते ते! बाबा होडीत बसून गुणगुणायचे आणि बस्त्यावला वाटायचं, खाडी अजून थोडी रुंद असती तर बरं. त्याची एकच इच्छा राहिली होती. बाबांच्या शेजारी बसून एकदा जेवायचं.

मग बाबा थकले. एका रविवारी म्हणाले, "सणाच्या दिवशी माझी शेवटची मिस्सा. त्या दिवशी तुमच्या पंगतीत जेवीन आणि दिवस मावळायच्या आत डोंगरापलीकडे माझ्या गावी जाईन."

सारं गाव डोळे पुसू लागलं. बाबा पुढे म्हणाले, "ख्रिस्ताच्या मागे जायचंय ना? मग पंगतीत मानाचा पाट शोधू नका. मागे बसायला शिका."

आता, त्या गावात पहिल्या पाटावरून दरवर्षी दोन डोकी तरी फुटायची. बाबांचा रोख तिकडे होता. पण बस्त्यावच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उजेड कसला, काजवाच तो!

"रेमेत, बाबा शेवटच्या पाटाशेजारी बसणार," तो बायकोला म्हणाला. "तो पाट आपला!"

"अहो, पंगतीला जेवायला जायचं की पाट जिंकायला?" रेमेतने विचारलं. शहाण्या बाईचं कोण ऐकतं?

सणाच्या दिवशी मिस्सा पुरती संपली नव्हती, तोच बस्त्याव मांडवात शेवटच्या पाटावर मांडी ठोकून बसला. मागोमाग दुमिंग सुतार आपला पाट काखेत मारून आला आणि त्याच्याही मागे बसला.

"ए, उठ! नम्रता आधी मी धरलीय," बस्त्याव ओरडला.

"धर की. मी तुझ्याहून जास्त धरलीय."

बस्त्याव उठून दुमिंगच्या मागे गेला. घंटा वाजवणारा बस्त्यावच्या मागे. गावचा पाटील मांडवाबाहेर उन्हात. पंगत सरकत सरकत चिंचेखाली गेली, तिथून गोठ्यात, गोठ्यातून थेट खाडीच्या चिखलात. कोपरं मारत, धोतरं ओढत, एकमेकांची आई-माई काढत सारं गाव नम्र होत होतं. अखेर सगळ्यांच्या मागे, कमरेपर्यंत चिखलात पाट रोवून बस्त्याव बसला. त्याच्या मागे फक्त पाणी होतं. जिंकला!

इकडे मांडव ओस. वाढपी डोक्याला हात लावून उभे. इतक्यात मिठागरावरचा एक परका मजूर आला. खाऱ्या पाण्याने पायांना भेगा पडलेल्या, दोन दिवसांचा उपाशी. पहिला पाट कुठला, शेवटचा कुठला, त्याला काय ठाऊक? भात दिसला तिथे तो बसला.

पाद्रीबाबा देवळातून बाहेर आले. कपाळावर आडवा हात धरून त्यांनी खाडीकडे पाहिलं. हसले की रडले, ते वाढप्यांनाही कळलं नाही. मग त्या मजुराशेजारी बसले.

मजुराने पानावरचा फुगा, सणाचा तो तळलेला पिठाचा गोळा, मोडला आणि अर्धा बाबांच्या पानावर ठेवला. "घ्या आजोबा, गरम आहे."

बस्त्यावने दुरून ते पाहिलं. "बाबा! शेवटचा मी आहे! इथे!" वाऱ्याने त्याची हाक खाडीतच टाकली.

"पळ की," दुमिंग मधाळ आवाजात म्हणाला. "तुझा पाट मी सांभाळतो."

बस्त्याव अर्धा उठला आणि पुन्हा बसला. उठला तर पाट जाणार! बारा वर्षांची इच्छा समोर बसून जेवत होती आणि हा गडी दोन्ही हातांनी फळकूट धरून बसला होता.

भात चिखलापर्यंत पोचला नाही. भरती मात्र वेळेवर पोचली. पाट वाहून गेले. नाकातोंडात पाणी गेलेली नम्र माणसं धडपडत मांडवात आली, तेव्हा बाबांची बैलगाडी डोंगराआड गेली होती. शेजारी शेजारी दोन पानं पुसून खाल्लेली होती.

बाबा पुन्हा कधी आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ते देवाघरी गेल्याचा निरोप आला.

बस्त्याव पुढे पुष्कळ जगला. पंगतीत आपण कितवे बसलो ते त्याला कधी सांगता यायचं नाही. शेजाऱ्याच्या पानात काय कमी आहे, ते अचूक सांगायचा. फक्त गरम फुगा मोडताना त्याचा हात जरा थांबायचा.

ज्याची नजर आपल्याच पाटावर, त्याला देवाची साधी गोष्टही अवघड.