हौसा प्रधानाचं माहेर

एक होता राजा. मोठा झोपाळू, ह्या विनूसारखा. हसू नकोस रे, तुलाच म्हणतेय. राजा झोपायचा आणि राज्य चालवायचा त्याचा प्रधान. राजवाड्यापुढं पिंपळाखाली एक दगडी चौथरा होता. दिवस उगवला की प्रधानानं त्यावर बसायचं, लोकांची गाऱ्हाणी घ्यायची, दिवस मावळला की उठायचं. असा नेमच होता. चौथरा दिवसभर ऊन राहायला हवा. तो गार पडला, की गावच्या विहिरींचं पाणी खाली जायचं.

एकदा काय झालं, म्हातारा प्रधान वारला. मग सेनापती चौथऱ्यावर बसला, मिशीला पीळ देऊन. दगड गार. मग शास्त्रीबुवा बसले. तरी गारच. मग राजाचा मेहुणा बसला, त्याला तर पडसंच झालं. इकडं विहिरीत पोहरे खडकावर आपटायला लागले.

तेवढ्यात आली हौसा कासारीण, बांगड्यांचं ओझं खांद्यावर घेऊन. दमली होती बिचारी, टेकली चौथऱ्यावर. राजाची दासी बांगड्या भरायला पुढ्यात बसली. आता हात हातात आला की बाई बोलायला लागतेच, बरं का. दासीनं सासूचं गाऱ्हाणं सांगितलं. हौसानं सगळं ऐकलं, मधे एक शब्द बोलली नाही. आणि दगड झाला ऊन. विहिरीला झरे फुटले. राजा जागा झाला नि म्हणाला, "हीच आमची प्रधान." सेनापती फुरंगटला, पण तहान त्यालाही लागली होतीच की.

हौसाचं राज्य छान चाललं. पण तिचं माहेर होतं नदीपलीकडं, दोन दिवसांच्या वाटेवर. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिचा भाऊ धोंडू मुऱ्हाळी होऊन यायचा. लेकीला माहेरी न्यायला येतो ना, तो मुऱ्हाळी. मग दारातल्या निंबाला झोका, आणि झोका द्यायला आई.

प्रधान झाल्यावर पहिल्या आखाजीला धोंडू गाडी घेऊन आला. हौसा म्हणाली, "दादा, बांधावरून दोन गावं कुऱ्हाडी घेऊन उठलीत. मी कशी उठू?" गाडी रिकामी परत गेली.

दुसऱ्या आखाजीला आला. "दादा, वेशीबाहेर शत्रूचा तळ पडलाय. तहाचं बोलणं चाललंय." गाडी परत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत हौसा वाटेकडं बघत राहिली. जीव तुटत होता तिचा. साऱ्या गावाचं गाऱ्हाणं तिच्यापाशी, तिनं आपलं कुणाला सांगायचं?

तिसऱ्या आखाजीला धोंडू आला, पण गाडी नव्हती. म्हणाला, "हौसे, आईला आता दिसत नाही. उठवतही नाही. तिनं विचारलंय, निंबाचा झोका आता काढून ठेवू का?"

हौसा रडली. भर दरबारात, तोंडाला पदर लावून.

रांगेत चंद्री तेलीण उभी होती. ती म्हणाली, "ऊठ बाई. जा आईकडं. मी बसते."

शास्त्रीबुवा म्हणाले, "असं कुठं असतं का? प्रधान एकच. विहिरी आटल्या म्हणजे?"

"तुम्ही बसून बघितलंत की, बुवा," चंद्री म्हणाली आणि बसली.

मग काय, दगड निवायला लागला. सगळ्यांचे जीव टांगणीला. हौसाचा पाय निघेना. तेवढ्यात रांगेतली पुढची बाई आली, ती नेमकी चंद्रीची शेजारीण, जन्माची वैरीण. चंद्रीनं तिचा हात हातात घेतला, म्हणाली, "सांग." आणि शेवटपर्यंत ऐकलं. दगड परत ऊन झाला. इतकी वर्षं लोक समजत होते की चौथऱ्याला प्रधान लागतो. त्याला नुसतं ऐकणारं माणूस लागत होतं, बघा.

मग हौसा निघाली. दोन दिवस चालली. निंबाला झोका अजून होता. आई दाराशी बाजेवर. तिला दिसेना, पण तीही कासारीणच. लेकीचं मनगट चाचपलं नि म्हणाली, "हौसे, वाळलीस गं. बांगडी ढिली झाली."

हौसा म्हणाली, "आई, तीन वर्षं सगळ्यांचं ऐकलं. आता तू माझं ऐक."

मग ती झोक्यावर बसली नि बोलत राहिली. आई बाजेवरनं दोरी ओढत झोका देत राहिली, ऐकत राहिली. आठ दिवस.

परत आली तेव्हा चौथरा ऊनच होता. तेव्हापासून त्या राज्यात नेमच झाला. आखाजीला प्रधानानं माहेरी जायचं, मागं बाकीच्यांनी पाळीपाळीनं बसायचं. हौसानंतर चंद्री प्रधान झाली, मग चंद्रीची सून, मग एक धनगरीण. मधे एक पुरुषही झाला म्हणे, तोही बरा होता. सगळे सुखात नांदले, विहिरी काठोकाठ भरल्या.

माझा मुऱ्हाळी? माझ्या दादाला जाऊन बारा वर्षं झाली. आखाजी आली की अजून वाटेकडं बघते मी. वेडीच आहे.

असो. विनू, झोपलास का? आज नीट जेवला का नाहीस? हात दे इकडं. काय झालं ते हळूच सांग, मी ऐकतेय. मग झोप हो बाळा.