पुरे कोण म्हणणार?

"मग त्याला अजून ठेवलाय कशाला?"

सिदूनं आल्यापासून एवढाच प्रश्न धरला होता. लिंबाजीबुवा मठाच्या ओट्यावर बसून पोरांच्या चटणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुपार कलली होती. पठारावर धुकं एवढं उतरलं होतं की मठाच्या शाळेचं नुसतं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. खाली भिंती आहेत की नाहीत, सांगता आलं नसतं.

"कुणाला?" बुवांनी विचारलं.

"नाव घ्यायला लावू नका. माझ्या भावाला ज्यानं मारलं, त्याला."

"गोरखला."

"हां. काढा त्याला शाळेतनं. न्हाईतर माझ्या हवाली करा."

सिदूच्या मांडीवर कुऱ्हाड आडवी पडली होती. मेंढरांना पाला तोडायची, धनगराच्या खांद्यावर असते तीच. पण आज तिला ताजी धार लावलेली होती, आणि ती लपवावी हे काही त्याला सुचलं नव्हतं.

बुवांनी ती पाहिली.

"धार चांगली लावलीस," ते म्हणाले आणि पुढची शेंग उचलली.

बिरू हा सिदूचा पाठचा भाऊ. डावा पाय जन्मापासून आखूड. त्याला मेंढरामागं चालणं झेपणारं नव्हतं, म्हणून सिदूनंच त्याला खांद्यावर बसवून पठारावर आणून सोडलं होतं. स्वतः सिदू तिसरीतच शाळेबाहेर पडलेला. 'तू तरी शीक गड्या,' असं म्हणून तो उतरून गेला होता. मठाजवळच चरणाऱ्या चार शेळ्या तेवढ्या बिरूकडं असायच्या.

गोरख बिरूपेक्षा थोराड. ऊसतोडीवरच्या माणसांचा पोर. बिरूला तो 'लंगडं मेंढरू' म्हणायचा. पावसाळा सरता सरता एके दिवशी त्यानं बिरूच्या अंगावरची घोंगडी ओढून मठामागच्या जुन्या बारवेत भिरकावली. घोंगडी अर्ध्या वाटेत एका दगडाला अडकली. बिरू ती आणायला उतरला. पायऱ्यांवर शेवाळ होतं...

गोरखनं ढकललं नव्हतं. तो हसत जेवायला निघून गेला होता, एवढंच.

पोलीस आले, पंचनामा झाला, अपघात म्हणाले आणि गेले.

"इथं छडी नाही, तुला ठाऊक आहे," बुवा म्हणाले. "काढून टाकणंही नाही."

"ठाऊक हाय तुमचं. गोल करून बसायचं आन् गोड बोलायचं."

"गोड कोण बोलतं? पोरं छडीला भीत नाहीत एवढी त्या गोलाला भितात. ज्याला लागलं त्याच्या तोंडाकडं बघत बसावं लागतं. काय झालं ते सांगावं लागतं. मग त्याचं ओझं उचलावं लागतं."

हे खरं होतं. त्या शाळेची रीतच होती तशी. ज्यानं दुखावलं, त्यानं दुखावलेल्याची कामं अंगावर घ्यायची, आणि दुखावलेला स्वतःच्या तोंडानं 'पुरे' म्हणेपर्यंत सोडायची नाहीत. एका पोरानं दामूचा हात मोडला, तेव्हा त्यानं दामूचं पाणी भरलं, अंथरूण घातलं, नाकसुद्धा पुसलं. हात बरा होऊनही दामूनं 'पुरे' म्हणायला मुद्दाम उशीर लावला होता. आता ते दोघं एका ताटात जेवतात.

"बिरूसाठी बसला व्हता गोलात?" सिदूनं विचारलं.

"बसलो. त्याची जागा मोकळी सोडून बसलो."

"आन् काय ठरलं?"

"गोरख म्हणाला, बिरूची सगळी कामं मी करीन. मी म्हणालो, कर."

"ही शिक्षा झाली? चार शेळ्या राखायच्या?" सिदू हसला. ते हसू त्याचं त्यालाच सोसलं नाही. "माझा भाऊ गेला बुवा! आन् त्याच्या बदली चार शेळ्या?"

बुवांचे हात थांबले.

त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. सिदू दचकला. म्हातारा घाबरलेला होता.

"तू आलास ते बरं झालं," बुवा हळू म्हणाले. "मीच निरोप धाडणार होतो. माझ्या हातून एक चूक झालीय."

"कसली?"

"शेळ्या यायची वेळ झाली. बघ म्हणजे कळेल."

धुक्यात कुठंतरी घुंगरू वाजलं...

आणि शीळ आली.

आधी एक आखूड, मग एक लांब, शेवटाला वर चढत जाणारी. ही शीळ सिदूच्या बापाची होती. बापानं त्याला दिली, त्यानं बिरूला. जगात चौथ्या कुणाला ती येत नव्हती.

धुक्यातून शेळ्या आल्या. त्यांच्या मागं अंगावर घोंगडी घेतलेलं एक पोर येत होतं. डावा पाय ओढत.

सिदू उठला. कुऱ्हाड मांडीवरून घसरून दगडावर खणकली, ते त्याला ऐकूही आलं नाही.

"बिरू..."

पोरानं मान वळवली. चेहरा वेगळा होता. रुंद, राठ, भुवईवर जुनी खोक पडलेला. गोरखचा.

"दादा, आलास व्हय?" पोर म्हणालं. "आईचा गुडघा कसा हाय?"

पोर शेळ्यांना चुचकारत त्याच्या अंगावरून पुढं गेलं. घोंगडीतून पाणी ठिबकत होतं. ओट्यापासून गोठ्यापर्यंत ओल्या थेंबांची रेघ उमटली.

"ती वाळतच नाही," बुवा म्हणाले. "चुलीजवळ टाकली तरी."

आत पोरं जेवायला बसली. दारातून दिसत होती. सगळी त्या पोरापासून हातभर सरकून बसली होती. कुणी चिडवत नव्हतं, कुणी कुजबुजतही नव्हतं. त्यानं भाकरीचा पापुद्रा अलगद सोलला, बाजूला ठेवला, आधी खालचा भाग खाल्ला. बिरू तसाच खायचा. पापुद्रा शेवटी, मीठ लावून.

बुवा उंबऱ्यात उभे राहिले.

"गोरख!" त्यांनी हाक मारली.

कुणी ओ दिली नाही.

"गोरख!"

ते पोरही इतरांसारखंच इकडंतिकडं बघायला लागलं. मग बारीक आवाजात म्हणालं, "तो कुठं हाय बुवा? त्याला लांब बसवा. मला भ्या वाटतं त्याचं."

सिदू मागं सरकला तो भिंतीला टेकला.

"कधीपास्नं हे?"

"आधी नुसती कामं करायचा," बुवा म्हणाले. "मग घोंगडी मागितली. बिरूला थंडी वाजत असंल म्हणाला. मग पाय ओढायला लागला. मला वाटलं, पोराला पस्तावा झालाय. मीच पाठ थोपटली त्याची... मागच्या बाजाराला त्याची आई येऊन गेली. तिला 'मावशी' म्हणाला. पाणी नेऊन दिलं तिला, परक्या बाईला द्यावं तसं."

"आन् ती?"

"ती खाली उतरली तेव्हा तिला वाट दिसत नव्हती. उन्हात."

बुवा उंबऱ्यावर खाली बसले.

"ज्याला लागलं त्यानं 'पुरे' म्हणायचं," बुवा म्हणाले. "तोवर सोडायचं नाही. नियम माझाच. पण बिरू कसा म्हणणार? इतक्या वर्षांत इथं कुणी मेलं नव्हतं रे. मला सुचलंच नाही."

सिदू दारातून बघत राहिला. पोर पापुद्र्याला मीठ लावत होतं.

"बुवा," तो म्हणाला, "त्याला काढू नका."

"मग?"

"मला द्या. घरी नेतो."

बुवांनी दगडावर पडलेल्या कुऱ्हाडीकडं पाहिलं.

"न्हाई, न्हाई. बोट लावणार न्हाई. बिरोबाची आण." सिदूनं दोन्ही हात मोकळे करून दाखवले. "आई दारात बसून असती. जेवत न्हाई, बोलत न्हाई. तिला ती शीळ ऐकू दे. मी त्याला खाऊ घालीन. माझी भाकरी देईन. नुसता घरात असू दे..."

"आणि त्याच्या आईनं कुठल्या दारात बसायचं?"

"तिच्या पोरानं माझ्या..."

"खरंय. तिच्या पोरानं," बुवा म्हणाले. "आणि तेच पोर मला सापडत नाही. तू म्हणतोस, काढा. कुणाला काढू? तू म्हणतोस, हवाली करा. कुणाला करू? मी हाका मारून थकलो. माझ्या हाकेला तो येत नाही. ज्याचं गेलं त्यानं बोलवावं लागेल."

"मी पुरे म्हटलं, तर बिरू जाईल."

"हो."

"परत जाईल."

"हो."

म्हाताऱ्यानं त्यावर साखर पेरली नाही. त्याबद्दल सिदूला त्याचा राग आला, आणि त्याचबद्दल विश्वासही वाटला.

जेवणं झाली. पोरं अंगणात गोल करून बसली. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी बिरूसाठी जागा मोकळी सोडली. ते पोर पाय ओढत आलं आणि सरळ त्याच जागेवर बसलं. मोकळी राहिली ती गोरखची.

बुवांनी सिदूला त्या पोराच्या समोर बसवलं. धुकं पोरांच्या पाठीला येऊन टेकलं होतं.

"काय झालं, सांग," बुवा म्हणाले.

"गोरखनं माझी घोंगडी टाकली," पोर म्हणालं. आवाज बारीक, नाकातला. सिदूनं तो अंथरुणात रोज रात्री आठवला होता. "मी उतरलो. शेवाळ व्हतं. पाय सुटला."

"मग?"

"मग एका कपारीला धरून ऱ्हायलो. मी शीळ घातली, दादा. लई वेळ घातली. कुणी आलं न्हाई."

एक पोर शेजारच्याला बिलगलं.

शीळ घातली... हे पोलिसांना ठाऊक नव्हतं. बुवांना ठाऊक नव्हतं. बारवेवर त्या वेळी कुणीच नव्हतं. ज्यानं ती शीळ ऐकली तोच हे सांगू शकत होता.

म्हणजे कुणीतरी ती ऐकली होती.

त्याचा हात आपोआप मांडीकडं गेला. मांडीवर कुऱ्हाड नव्हती. समोर ते पोर त्याच्याकडं बघत होतं, भाऊ बघायचा तसं, थोडी मान तिरपी करून. आपण एवढं तोंड मिटून घेतलं तर हे असंच राहील. आज घरी चालत येईल. आईला हाक मारील.

"दादा, थंडी वाजती," पोर म्हणालं.

सिदू उठला. गोल ओलांडून त्याच्यापुढं गुडघ्यावर बसला. त्यानं ती घोंगडी दोन्ही हातांनी उतरवली. ती भिजलेल्या मेंढरागत जड लागली.

"बिरू," तो म्हणाला. "शेळ्या राखल्यास. आईला इचारलंस. आता..."

त्याला हुंदका आला नाही. नुसता शब्द येईना. बुवांनी मदत केली नाही.

"आता पुरे रे. पुरे, राजा. जा तू."

पोराचे ओठ शीळ घालायला मिटावेत तसे मिटले. हवा निघाली, आवाज निघाला नाही. मग डावा पाय, जो इतका वेळ आखडून धरला होता, तो हळूहळू पुढं सरळ झाला. उजव्याएवढाच लांब.

"तुझं नाव काय?" सिदूनं विचारलं.

पोर आपल्या सरळ झालेल्या पायाकडं बघत होतं.

"मी इचारतोय. बिरूचा भाऊ इचारतोय. तुझं नाव काय?"

"गो..." आवाज फुटला. घोगरा, जाड, फुटायच्या वयातला. "गोरख."

शेजारचं एक पोर रडायला लागलं.

"मी ऐकली व्हती शीळ," गोरख म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "जेवताना ऐकली. मला वाटलं, बसू दे थोडा वेळ. मी भाकरी संपवली. तवर थांबली व्हती."

सिदूचा हात उचलला गेला. सगळ्या पोरांनी तो पाहिला. गोरखनंही पाहिला, आणि त्यानं तोंड चुकवलं नाही. हात तसाच हवेत राहिला, मग थकून त्याच्या स्वतःच्या तोंडावर आला. बिरू गेल्यापासून सिदू रडला नव्हता. तो आता रडला, मोठ्यानं, लाज न धरता, आणि गोरख समोर बसून ते बघत राहिला. गोलातून उठायची रीत नव्हती.

खूप वेळानं सिदूनं बाहीनं नाक पुसलं.

"बुवा," तो म्हणाला, "मग झालं? संपली ह्याची शिक्षा?"

"संपली?" बुवा म्हणाले. "अरे, ज्यानं चूक केली ते पोर आज कुठं शाळेत आलंय."