हुंगलेलं फूल

साथीच्या आजारातून सासरे उठले तर सत्यनारायण घालीन, असं वत्सलावहिनींनी देवापाशी बोलून ठेवलं होतं. सासरे उठले, पूजा मांडली. तेवढ्यात गावचे पुढारी बापूसाहेब उघड्या तोंडाने आले. वहिनींनी मास्क पुढे केला.

"देवापुढे फडकं कशाला? श्रद्धा कमी पडली वाटतं!" म्हणत ते अशक्त सासऱ्यांना खेटून बसले, वर दोनदा खोकले. मग दरडावलं, "सूनबाई, फुलं हुंगली नाहीत ना? उष्टं फूल देवाला चालत नाही."

"नाही हो. पण नुसतं हुंगून फूल उष्टं होतं, मग तुमच्या तोंडचा उष्टा श्वास मामंजींनी का घ्यावा?"

मामंजीच आधी हसले. बापूसाहेब मास्क चढवून लांब सरकले.

बायांनो, वहिनींसारखा तुम्हीही नेम पाळा. प्रसाद सगळ्यांना वाढा, उष्टा श्वास कुणालाच नको.